मठाच्या कोठाराची किल्ली

एनिड गॅरडने मठाच्या कोठाराचं तिकीट आजवर काढलं नव्हतं आणि मरेपर्यंत काढायचं नाही असं तिचं ठरलेलं होतं. लिटल थॉर्पली गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. दर रविवारी लांबलांबून माणसं यायची, कुरणात गाड्या लावायची आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेल्या कुणातरी सेवाभावी बाईच्या मागे मेंढरांसारखी आत जायची. त्या वेळी एनिड रस्त्याच्या अलीकडे, आपल्या बैठ्या सरकारी घराच्या खिडकीत, बटाटे सोलत उभी असायची. ‘जिथे मी रांगायला शिकले तिथे शिरायला पावती फाडू?’ असं ती एकदा टपालवाल्याला म्हणाली होती, आणि टपालवाल्याने टपालाबरोबर तेही घरोघर पोचवलं होतं.

या हट्टाचा भुर्दंड मात्र तिलाच पडत होता. कोठाराचं लालसर कौलारू छप्पर सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर, आणि आत पाऊल टाकून अर्धं आयुष्य लोटलेलं. तिचे वडील जहागिरीचे कूळ होते. ते गेल्यावर जहागिरीने जमीन दुसऱ्याला कसायला दिली, राहतं घर लंडनकरांना विकलं आणि कोठार गावाच्या हवाली केलं. गावाने म्हणजे कुणी, तर त्याच लंडनकरांनी मिळून ‘कोठाराचं मित्रमंडळ’ काढलं. कोठाराला मित्र हवे आहेत हे त्याआधीच्या सहाशे वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वसंत लागला तसा एका सकाळी डेनिस कॉबोल्ड अंडी घेऊन आला. डेनिस तिच्या वडिलांच्या गवळ्याचा मुलगा. पुढे त्याच शेतावर ट्रॅक्टर चालवून म्हातारा झालेला. आता तो रविवारी मित्रमंडळाच्या चहाचं पिंप सांभाळायचा.

“मंडळाला वाटाडे हवेत म्हणे,” तो दारातूनच म्हणाला.

“मग लाव की पट्टा गळ्यात. कुत्र्याला शोभतो तसा तुलाही शोभेल.”

“मला कोण घेतंय? मी तोंड उघडलं की शेणाचा वास येतो. तुझं म्हणत होतो.”

“माझं काही म्हणू नकोस. अंडी ठेव तिथे.”

डेनिसने अंडी ठेवली. टोपी काढली, पुन्हा घातली. “किल्ली मिळते,” तो म्हणाला.

एनिडच्या हातातली सुरी थांबली. “कुणाला?”

“वाटाड्यांना. पाळीपाळीने. आपला आठवडा आला की किल्ली आपल्या खिशात. रोज जाऊन दार उघडायचं, वारा खेळवायचा, कबुतरं हाकलायची, कुठे गळतंय का बघायचं. एकट्याने.”

“एकट्याने?”

“तुझ्या शेजारी बसायला बिशपला थोडाच पाठवणारेत!”

एनिड पुन्हा बटाटे सोलायला लागली. पण त्या दिवशी बटाट्याची सालं जरा जाडच निघाली. तिकीट काढून, दोरीच्या या बाजूला उभं राहून, दुसऱ्याच्या तोंडून आपलंच कोठार ऐकायचं, हे तिला जमणारं नव्हतं. पण खिशात किल्ली घालून जायचं, दार लोटायचं आणि मळणीच्या फळ्यांवर, पाय लांब करून, कुणाची पाहुणी न होता बसायचं, एवढ्यासाठी ती पट्टाच काय, घंटासुद्धा बांधून घ्यायला तयार होती.

मंडळाच्या अध्यक्ष फिलिपा लॅस्कम एनिड ज्या घरात जन्मली त्याच घरात राहत. पूर्वीच्या गोठ्यात त्यांचे यजमान पुस्तकं वाचत. तशी बाई वाईट नव्हती. दर नाताळात ती एनिडला मुरंब्याची बरणी पाठवायची आणि एनिड बरणी घासून, पुसून, आत चार अक्रोड घालून परत करायची. अशा रीतीने इतकी वर्षं दोघींचं खातं बरोबरीत होतं. आता पहिल्यांदाच त्यांतली एक दुसरीच्या दाराशी मागायला गेली.

“एनिड! तुम्ही?” फिलिपाबाईंनी दोन्ही हात पसरले. “अहो, तुमच्यासारखं माणूस म्हणजे आमचं भाग्यच! ही बोली, हा आवाज... बाहेरून येणाऱ्यांना अस्सल काहीतरी हवं असतं हो. आणि मिसेस लॅस्कम काय म्हणता? फिलिपा म्हणा.”

“बरं, मिसेस लॅस्कम,” एनिड म्हणाली.

नियम साधे होते. नव्या वाटाड्याने मंडळाचं कार्ड पाठ करायचं, मंगळवारी अध्यक्षांबरोबर एक रंगीत तालीम करायची आणि रविवारी खऱ्या पाहुण्यांना फिरवून दाखवायचं. मंडळाला पसंत पडलं की गळ्यात पट्टा आणि खिशात किल्ली.

मंगळवारी डेनिस कोठाराच्या कोपऱ्यात पिंप घासत होता. फिलिपाबाईंनी कुलूप काढलं आणि एनिड आत गेली. आधी डोळे सरावेनात. मग ओकचे खांब एकेक करून अंधारातून पुढे आले, जणू उशीर झाल्याबद्दल कुणी रागवेल म्हणून थांबले होते. वरच्या तुळया, घुबडासाठी ठेवलेलं भोक, समोरासमोरची दोन मोठी दारं. गाड्या एका दाराने भरून यायच्या, दुसऱ्याने रिकाम्या जायच्या, आणि दोन्ही दारं सताड उघडली की मधल्या फळ्यांवर असा वारा सुटायचा की धान्य खाली नि भुसा अंगणात. आता तिथे लग्नाच्या खुर्च्यांच्या उतरंडी होत्या. तुळयांना लहान लहान दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. वास मात्र तोच होता. तो काढून टाकण्याचा ठराव बहुधा मंडळाने अजून केला नव्हता.

फिलिपाबाई कार्डाप्रमाणे पुढे पुढे चालल्या. मठाचे साधू, पिकाचा मठाला द्यायचा दहावा हिस्सा, सुतारांनी खांबांवर कोरलेले आकडे. एनिड मान हलवत होती. शेवटी त्या उत्तरेकडच्या एका खांबापाशी थांबल्या. खांबाच्या कमरेएवढ्या उंचीवर पारदर्शक झाकण बसवलं होतं, आत एक इवलासा दिवा.

“आणि हे आमचं रत्न,” फिलिपाबाईंचा आवाज आपोआप देवळातला झाला. “डाकिणीची खूण. मीच शोधली, सांगितलं तर फुशारकी वाटेल. कोठाराला आग लागू नये, धान्याला दृष्ट लागू नये म्हणून सुतार असं फूल कोरत. डाकीण आली की तिची नजर या रेघेवर पडते, रेघेला शेवट नाही, ती बसते गोल गोल फिरत.”

झाकणाखाली एक वर्तुळ होतं, आणि वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल. एनिडने हे फूल पूर्वी पाहिलं होतं. शेजारणीच्या दोरीवर वाळणाऱ्या पंच्यावर, चहाच्या मगावर. मंडळ ते विकायचं. पण फुलं काय, कशावरही छापतात. आता ती वाकली आणि तिला एक पाकळी बाकीच्यांपेक्षा फुगीर दिसली.

“ही पाकळी पाहिलीत?” फिलिपाबाई म्हणाल्या. “मुद्दाम बिघडवलेली. संपूर्ण निर्दोष काम फक्त देवाचं, ही त्या सुताराची नम्रता! मी त्यावर लेख लिहिलाय.”

“तिथे लाकडात गाठ आहे,” एनिड म्हणाली.

“काय म्हणालात?”

“गाठ. लोखंडी कंपास घसरला. हे आमच्या विल्फने कोरलंय.”

पिंप घासण्याचा आवाज थांबला.

एनिडने सांगितलं. पाऊस होता, मळणी थांबली होती. तिला शाळेत भूमितीत भोपळा मिळाला होता आणि ती इथे, या खांबाशी, रडत बसली होती. तिचा मोठा भाऊ विल्फ्रेड वडिलांचा लोखंडी कंपास घेऊन आला. ‘अगं मठ्ठे, सोपं असतं. कंपासचं तोंड उघडलंस तेवढंच ठेवायचं, हलवायचं नाही, आणि काठाकाठाने चालत जायचं. फूल आपोआप येतं.’ पाटी नव्हती म्हणून त्याने खांबावरच काढून दाखवलं. तिने कंदील धरला होता, डेनिस पोत्यांवर बसून सफरचंद खात होता. संध्याकाळी वडिलांनी पाहिलं आणि विल्फला पट्ट्याने फोडून काढलं. खांब जहागिरीचा, कुळाने त्याला चाकू लावायचा नाही. सप्टेंबरअखेर जहागिरीचा कारभारी दरवर्षी तपासणीला यायचा, दाराची बिजागरीसुद्धा हलवून बघायचा. म्हणून वडिलांनी त्या रेघांत शेण, काजळी आणि ट्रॅक्टरचं जळकं तेल कालवून चोळलं, दिवसामागून दिवस चोळलं, खांबाइतकंच जुनं दिसेपर्यंत. कारभारी आला, त्या खांबाला टेकून त्याने पाइप ओढला आणि काही न पाहता गेला.

फिलिपाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. एनिडला तेव्हाच कळायला हवं होतं.

“किती गोड!” त्या म्हणाल्या. “घराघरांतल्या अशा आठवणी म्हणजे खरा ठेवा हो. मी मंडळापुढे नक्की ठेवीन. म्हणजे, विद्यापीठातल्या माणसांनी तपासलंय, रेघांमधला काळेपणा कित्येक शतकांचा आहे म्हणालेत ते... पण लहानपणी आपण कितीतरी गोष्टी पाहतो, नाही? तुमच्या भावाने दुसऱ्या एखाद्या खांबावर काढलं असेल.”

“दुसऱ्या कुठल्या?”

“डेनिस,” फिलिपाबाई वळल्या. “तुम्ही होतात ना तेव्हा इथे? तुम्हाला काही आठवतं?”

डेनिस कॉबोल्डने हातातलं फडकं पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिला. त्याच्या नातीचं लग्न जूनमध्ये याच कोठारात ठरलं होतं. खरं तर इथे शहरातल्या लोकांचीच लग्नं व्हायची, गावातल्या मुलीला तारीख मिळाली ती फिलिपाबाईंच्या शब्दामुळे. नात सगळ्या गावाला बोलावून मोकळी झाली होती.

“फार जुनं झालं, बाई,” तो म्हणाला. “मला नाही आठवत.”

“बरोबर आहे,” फिलिपाबाई समजुतीने म्हणाल्या. “आपण सगळेच विसरतो.”

विल्फची बाकीची हकीगत तिथे कुणी विचारली नाही आणि एनिडने सांगितली नाही. पुढच्याच वर्षी त्याला सक्तीच्या सैनिकी नोकरीवर नेलं, तेव्हा सगळ्याच पोरांना नेत. इंग्रज राजवटीविरुद्ध बंड पेटलेल्या सायप्रसच्या डोंगरात त्याची लष्करी गाडी दरीत गेली. त्याला तिथेच पुरलं. गावच्या चर्चसमोर दगडी स्तंभ आहे, त्याच्यावर दोन महायुद्धांतली नावं आहेत. विल्फचं नाव घालायचं का असा विषय निघाला, तेव्हा तेव्हाच्या पाद्र्याने फार हळहळून सांगितलं की सायप्रसमध्ये जे चाललंय त्याला सरकार युद्ध म्हणत नाही. आईने त्याचे कपडे गरजूंना देऊन टाकले. त्याच्या हातचं असं या जगात जे उरलं होतं ते त्या झाकणाखाली, दिव्याच्या उजेडात, दुसऱ्याच्या नावावर होतं.

मंगळवारी संध्याकाळी एनिडने डेनिसची अंडी, होती तेवढी, टोपलीत घातली आणि त्याच्या पायरीवर ठेवून आली. दार वाजवलं नाही. लिटल थॉर्पलीत भांडण इतकंच मोठं व्हायचं.

गुरुवारी फोन आला.

“एनिड, मी विचार करत होते,” फिलिपाबाई म्हणाल्या. “तुम्हाला उगाच ताण नको. तुम्ही भाजलेले स्कोन इतके सुंदर होतात म्हणे! कदाचित चहाच्या टेबलाशी तुम्हाला जास्त मोकळं वाटेल.”

“चहाच्या टेबलाला किल्ली असते का?”

“अं? नाही, किल्ली फक्त वाटाड्यांना.”

एनिडने खिडकीतून पलीकडे पाहिलं. कौलांवर ऊन होतं. तिने मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडल्या. एका बाजूला विल्फ. त्याला जाऊन एवढी वर्षं झाली, तो काही तक्रार करायला येणार नव्हता, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारं तसंही कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूला ते दार. ज्याचं कुणी ऐकतच नाही त्या खऱ्याची किंमत ती किती धरणार? तिने धरली ती अशी.

“मी कार्डावरचंच सांगीन,” ती म्हणाली.

“अगदी तसंच?”

“अगदी तसंच.”

“तुम्ही किती समजूतदार आहात!”

रविवारी ऊन छान पडलं होतं, म्हणून माणसंही बरीच होती. ओढ्यात भिजलेल्या कुत्र्यासह आलेलं एक जोडपं, टोप्या विणणाऱ्या बायकांचा एक कळप, आणि पाठीवर पिशवी अडकवलेला, गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेला एक निवृत्त मास्तरासारखा गृहस्थ, ज्याने तिकिटाबरोबर काही प्रश्नही विकत घेतले असावेत. मंडळाचे सभासद मागच्या खुर्च्यांवर बसले होते. फिलिपाबाई मधोमध. डेनिस पिंपाशी, कप मांडत.

एनिड बोलायला लागली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कार्डावरचे कोरडे शब्द तिच्या तोंडात गेल्यावर भिजले. साधूंच्या गाड्या तिने अशा सांगितल्या की एका बाईने दाराकडे वळून पाहिलं. उपणणीचा वारा सांगताना तिने हात वर केला आणि समोरच्यांनी चक्क श्वास आत घेतला. फिलिपाबाई शेजारच्याच्या कानाला लागल्या. शब्द ऐकू आले नाहीत, पण ‘अस्सल’ हाच असणार.

मग उत्तरेकडचा खांब आला.

“आणि ही डाकिणीची खूण,” एनिड म्हणाली. तिने रेघ सांगितली, न संपणारी वाट सांगितली, सुताराची नम्रता सांगितली. आवाज हलला नाही. एवढं झालं की चहा, आणि चहा झाला की किल्ली.

“एक विचारू का?” चड्डीवाले गृहस्थ पुढे झाले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी झाकणाला नाक लावलं. “मी जन्मभर गणित शिकवलं. हे फूल तर पहिल्या कंपासबरोबर प्रत्येक पोर काढतं. हे सहाशे वर्षांचं कशावरून? शेतावरचा एखादा मुलगा पावसात कंटाळून कोरत बसला असेल आणि बापाने मार दिला असेल!”

सगळे हसले. मंडळाच्या रांगेत कुणी हसलं नाही. फिलिपाबाई बुटांकडे पाहत होत्या. चहाच्या टेबलाशी एक कप बशीवर ठेवता ठेवता हवेतच थांबला. एनिडला न बघताही कळलं की डेनिस तिच्याकडे बघतोय.

दार तिच्यासमोर उघडं होतं. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं, कुणाला खोटं पाडायचं नव्हतं. परका माणूस आपण होऊन सगळं बोलून गेला होता, अगदी पावसासकट, मारासकट. तिने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो, त्याचं नाव विल्फ्रेड होतं.’ एवढंच.

तिने घसा साफ केला.

“तुम्ही शिकवलीत साहेब, ती शहरातली पोरं,” ती म्हणाली. “आमच्याकडच्या पोरांचे हात मी पाहिलेत. बाराही महिने शेणात. त्यांना पाव सरळ कापता येत नव्हता, ती ओकमध्ये फूल काय कोरतायत!”

या वेळचं हसणं पहिल्यापेक्षा मोठं झालं. गृहस्थसुद्धा हसले, हार मानल्यासारखे दोन्ही हात वर करून मागे सरले. टोप्या विणणाऱ्यांपैकी एकीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. फिलिपाबाईंच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. उठून त्यांनी एनिडला सर्वांसमोर मिठी मारली. इतक्या वर्षांत त्यांनी मुरंब्यापलीकडे मजल मारली नव्हती.

“बाहेरच्या माणसाला हे उत्तर सुचलंच नसतं,” त्या पुटपुटल्या. “त्याला इथलंच माणूस लागतं.”

पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला.

पाहुणे पांगल्यावर डेनिस तिच्यासमोर चहा घेऊन आला. तिने कप घेतला नाही, म्हणून त्याने तो खुर्चीवर ठेवला.

“मी आज बोलणार होतो,” तो म्हणाला.

“मग बोलायचंस. तोंड कुणी धरलं होतं?”

“तू बोललीस की मागून मी बोलणार होतो. ठरवूनच आलो होतो घरून. नातीला सांगितलं, बाई, तारीख गेली तर गेली, चर्चच्या मागे मांडव घालू. ती रडली. तरी आलो.”

“आणि मंगळवारी? मंगळवारी तुला आठवत नव्हतं.”

“मंगळवारी मी भित्रा होतो. आज तुझी पाळी होती.”

“तू आधी बोलला असतास तर मी बोलले असते.”

“तेच म्हणतोय मी,” डेनिस म्हणाला. “तू आधी बोलली असतीस तर.”

 एकमेकांना आधी जाऊ देण्याच्या सौजन्यात दारातच अडकून बसलेली माणसं या देशात नवी नाहीत. पण त्यांच्या मागे सहसा विल्फसारखं कुणी ताटकळत नसतं.

“पाव कापता येत नव्हता म्हणे!” डेनिस टोपी घालत म्हणाला. “अगं, विल्फ चाकूने सफरचंदाची साल एका लांब पट्टीत काढायचा. तुटली तर ते सफरचंद मला द्यायचा. मला फार थोडी मिळाली.” आणि तो पिंप ओतायला गेला.

एनिडच्या पाळीचा आठवडा यायच्या आधी फिलिपाबाईंचं आणखी एक काम निघालं. त्यांनी तिला घरी बोलावलं, तिच्याच आईच्या स्वयंपाकघरात बसवलं, समोर आवाज टिपणारं एक छोटं यंत्र ठेवलं.

“रविवारचं तुमचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाहीये,” त्या म्हणाल्या. “वाटाड्या नसतानाही लोकांना ऐकायला मिळायला हवं. खांबाला एक पेटी बसवतोय. माणूस जवळ आलं की आपोआप बोलायला लागते. आवाज तुमचा. आणि ते पोरांच्या हातांचं वाक्य विसरू नका हं, ते तर हवंच!”

एनिडने नाही म्हणायचा प्रयत्न केला. म्हणजे ‘मला काही नीटसं जमणार नाही’ असं ती म्हणाली. फिलिपाबाईंनी त्याचा अर्थ विनय असा घेतला. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला नकार कशाच्या जोरावर द्यायचा, हे काही एनिडला सुचलं नाही. तिने सांगितलं. मध्येच खोकला आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग तिचा आठवडा आला. किल्ली जुनी होती, वडिलांच्या वेळचीच, वजनाने एप्रनचा खिसा ओढणारी. सोमवारी जेवण उरकून ती रस्ता ओलांडून गेली. कुलूप काढलं, दार लोटलं, आत गेली आणि दार आपल्या मागे ओढून घेतलं. कुणी नव्हतं. घुबडाच्या भोकातून ऊन तिरकं उतरलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. तिने खुर्च्यांची एक उतरंड बाजूला सारली, मळणीच्या फळ्यांवर बसली, पाय लांब केले. हे सगळं जसं तिने मनात धरलं होतं तसंच झालं, आणि पहिल्या थोड्या वेळात सौदा पटल्यासारखं वाटलं.

मग ती उठली आणि उत्तरेकडच्या खांबाकडे गेली. झाकणाच्या कडेवरून आत बोट जाईल का, पाकळीला लागेल का, एवढंच तिला बघायचं होतं. ती हाताच्या अंतरावर आली आणि खांब बोलायला लागला.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात. तिला तो अजिबात परका वाटला नाही. चांगला ठसठशीत, विश्वास ठेवावा असा आवाज होता. सुतार, दृष्ट, न संपणारी रेघ. ती मागे सरली तरी पेटी थांबली नाही, सुरू झालेलं पुरं करायची तिला सवय लावलेली होती. पोरांच्या हातांपाशी आल्यावर पेटीत मंडळाने हसण्याचा आवाजही भरला होता.

एनिड लांब दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, जिथून खांब दिसत नव्हता. थोडं शांत झालं. मग तुळईवरून एक कबूतर उडालं आणि उत्तरेकडे गेलं, आणि पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिने एप्रन फडकवून कबूतर हाकललं. ते उडून पुन्हा तिथेच जाऊन बसलं. बंद करायचं काही असेल म्हणून तिने पेटी चारही बाजूंनी चाचपली, झाकण, तार, पाठीमागचा भाग. आणि ती चाचपत असेपर्यंत पेटी तिला तिच्याच तोंडाने, न चुकता, सगळं सांगत राहिली. बटण फिलिपाबाईंच्या घरी होतं.

दार बंद करून, कुलूप लावून ती रस्त्यावर आली. शेजारीण कपडे वाळत घालत होती.

“काय एनिड, मिळाली एकदाची किल्ली?” ती कुंपणावरून म्हणाली. “आता काय, कोठार तुझंच!”

“हो ना,” एनिड म्हणाली, आणि घरात गेली.